उतार

किल्ली फिरवली की एकदाच 'टक्'.
पुढे काही नाही.
बोलायला तोंड उघडावं आणि नाव आठवू नये,
तसं.

तू खिडकीतून ओरडतोस, "बॅटरी गेली!"
डोळ्यांपायी लायसन्स गेलं तेव्हापासून
तुझं गाडी चालवणं त्या खिडकीतूनच चालतं, आदेलिनू.
मी दिवे लावून बघते.
समोरच्या भिंतीवर दोन पिवळी वर्तुळं, टक्क जागी.
किल्ली फिरवते. टक्.
वर्तुळं जराही मलूल होत नाहीत.
म्हणजे बॅटरीत जीव आहे,
वाटेतच कुठेतरी अडतोय.

"मग स्टार्टर. हाण त्याला."
हातोडीच्या दांड्यानं ठोकते,
कलिंगड पारखावं तशी.
टक्.

एकोणतीस वर्षं मी गिरणीत कापड तपासलं.
उजेडासमोरून लोकरीचे तागे सरकायचे
आणि चूक आधी बोटांना कळायची, डोळ्यांना मागून.
सुटलेला धागा, गाठ, बाण्यातली एक उणी फेर.
मुकादम विचारायचा, कुठाय? मी बोट ठेवायचे.
गिरणी बंद पडली, तिथे आता पोरं परीक्षा देतात.
बोटांना मात्र कुणी निवृत्तीचा कागद दिला नाही.

म्हणून ही बॉनेट उघडून उभी आहे,
कोविल्यांच्या थंडीत, तुझा स्वेटर घालून.
ओतिलियाच्या नातवाला किल्लीवर बसवलंय.
गिअर न्यूट्रलला, दोनदा बघून घेतलाय.
मी म्हणेन तेव्हाच फिरव, एक श्वासभर.

फिरव. जाड लाल वायर : गार.
फिरव. स्टार्टरकडचं टोक : गार.
फिरव.
"आजी," आतून पोरगं म्हणतं,
"हा चोकचा दांडा पोळतोय."

चोक!
नुसती ओढायची तार ती,
तिच्यात विजेचं काय काम?

गेलेली वीज परतही यायला हवी.
परतीची वाट बुजली
की ती मिळेल त्या बोळात शिरते,
अंग चोरत, भिंतींना घासत, तापत.

मी वाकले.
इंजिनापासून सांगाड्याकडे जाणारी तांब्याची पट्टी,
विणलेली, आदेलिनू, चक्क विणलेली,
माझ्याच कामातली वस्तू,
बोट लावलं तर हिरवी भुकटी.
तीन-चार तारा कशाबशा धरून होत्या.
आणि त्यांच्याभोवती जुनी काळी चिकटपट्टी,
डावीकडून गुंडाळलेली.
या घरात डावरा एकच माणूस आहे.

म्हणजे तुला माहीत होतं.

म्हणून आपण कायम उतारावर गाडी लावायचो.
पाणी साचत नाही, म्हणायचास.
इथून दरी छान दिसते, म्हणायचास.
ग्रासाच्या लग्नाला चर्च समोर, जागा मोकळी,
आणि आपण वर पार टाकीपाशी.
मी उंच टाचांनी खाली आले, दगडी रस्त्यावरून,
तुझा दंड धरून. वाटलं,
या माणसाला अजून माझ्याबरोबर चालायला आवडतं.
परतताना तू ब्रेक सोडायचास,
गाडी मुकाट घरंगळायची,
दुसऱ्या गिअरला एक हिसका,
आणि इंजिन खोकत जागं.
त्या हिसक्याला मी दर वेळी हसायचे.

नवी पट्टी आणली. दोन्ही टोकं
पत्रा चकाकेपर्यंत पॉलिश पेपरनं घासली.
पाना आवळून पोराला म्हटलं, फिरव.

पहिल्या झटक्यात. सपाट जमिनीवर.
ओतिलियाची कोंबडी उडून भिंतीवर गेली.

तू खिडकीत. बराच वेळ काहीच नाही.
मग : "कितीला पडली?"
सहा युरो, मी म्हणाले.
तू मान हलवलीस,
बोटांवर काहीतरी मोजलंस, मध्येच सोडलंस.
"तरी उतारावरच लाव हं."

मी बेकरीसमोर लावली, सपाटीवर,
हँडब्रेक ओढला,
आणि ब्रेड घेऊन एकटीच वर आले.
रात्री तू दोनदा उठून खिडकीशी गेलास.
दिसत तर तुला काही नाही.